बाईवर प्रेम करणाऱ्या बाईचं हृदय : धोका नेमका येतो कुठून?

पुण्यात एखादी बाई छातीत धडधडतंय, जिना चढताना दम लागतोय म्हणून दवाखान्यात गेली, की नाव-वयापाठोपाठ येणारा प्रश्न लग्नाचा असतो. ‘मिस्टर काय करतात?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. ‘लग्न झालंय’ म्हटलं की डॉक्टरांना पुढचं बरंचसं समजल्यासारखं वाटतं : बाळंतपणं झाली असतील, घरी लक्ष ठेवणारं कुणीतरी आहे, वेळ आली तर सही करायला माणूस आहे. ‘नाही’ म्हटलं की यातलं काहीच विचारायचं सुचत नाही. आता ही बाई कर्वेनगरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दहा वर्षं दुसऱ्या एका बाईबरोबर संसार करत असेल, तर तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आधार केसपेपरवर येत नाही. तो आधार जगापासून लपवून ठेवण्याचा ताणही येत नाही.

हृदयाच्या डॉक्टरला हे कळून उपयोग काय, असं वाटू शकतं. कुणावर प्रेम करता यावरून रक्तवाहिन्या थोड्याच तुंबतात? नाही तुंबत. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत परदेशात मोठ्या संख्येने बायकांच्या आरोग्याच्या नोंदी तपासल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. लेस्बियन (बायकांवर प्रेम करणाऱ्या) आणि बायसेक्शुअल (बाई आणि पुरुष दोघांचीही ओढ असलेल्या) बायकांमध्ये हृदयविकाराकडे नेणाऱ्या गोष्टी, म्हणजे सिगरेट, दारू, जादा वजन, मधुमेह, मनावरचा ताण, इतर बायकांपेक्षा जास्त आढळतात. यामागची कारणं बरीचशी समजलेली आहेत, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकावर काहीतरी करता येतं. माझ्या दृष्टीने या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आधी बायकांच्या हृदयाविषयी

हार्ट अटॅक म्हणजे पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या पुरुषाचा आजार, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. प्रत्यक्षात जगभर बायकांच्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार हेच आहे. बायकांच्या दर तीन मृत्यूंपैकी साधारण एक त्यांच्यामुळे होतो. स्तनाच्या कॅन्सरची आपल्याला जास्त धास्ती वाटते, आणि त्याची तपासणी करून घ्यायलाच हवी, पण हृदयविकाराने जाणाऱ्या बायका त्याहून कितीतरी जास्त आहेत.

पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे रक्तवाहिन्यांना थोडंफार संरक्षण मिळतं. पाळी गेली की ते ओसरतं. गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली असेल, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा बिघाड) असेल, पाळी चाळिशीच्या आतच गेली असेल, तर पुढे धोका वाढतो. छातीत दुखणं हे बायकांमध्येही सगळ्यात जास्त आढळणारं लक्षण आहे; पण त्याच्यासोबत मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, दम लागणं, हातपाय गळून जावेत असा थकवा हे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त जाणवतं. मग ‘पित्त झालं असेल’ म्हणून सोडा पिऊन पडून राहणं होतं, आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो.

आपल्याकडे आणखी एक भर आहे. ५२ देशांत केलेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली आले. त्यात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या देशांतल्या लोकांना जवळजवळ ५९व्या वर्षी. म्हणजे पुण्यातल्या तिशी-पस्तिशीच्या बाईने ‘अजून वेळ आहे’ म्हणायला फारसा वाव नाही, तिचा कल कुणाकडेही असो.

अभ्यासांत काय दिसलं?

अमेरिकेत १९८९ साली लाखाहून अधिक नर्सना घेऊन एक अभ्यास सुरू झाला. त्या वेळी त्यांचं वय २५ ते ४२ होतं. दर दोन वर्षांनी त्यांना खाणंपिणं, वजन, आजार, सवयी यांबद्दल प्रश्नावली पाठवली जाते. १९९५ साली त्या प्रश्नावलीत एक नवा प्रश्न आला : तुमचा लैंगिक कल कोणता? या एका प्रश्नामुळे पुढे बरंच काही कळलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सुमारे ९४ हजार नर्सची माहिती होती, त्यांतल्या साडेबाराशेच्या आसपास लेस्बियन किंवा बायसेक्शुअल होत्या. या बायकांना टाइप २ मधुमेह होण्याचं प्रमाण इतर नर्सपेक्षा २७ टक्क्यांनी जास्त निघालं. त्यातही तरुण वयात हा फरक जास्त ठळक होता. मधुमेह हा हृदयविकाराचा सख्खा शेजारी, म्हणून हा आकडा इथे महत्त्वाचा.

२७ टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या २७ जणींना मधुमेह झाला, असं नाही. समजा इतर बायकांमध्ये शंभरातल्या दहा जणींना मधुमेह होत असेल, तर यांच्यात शंभरातल्या साधारण तेरा जणींना होईल. एकेकट्या बाईसाठी हा फरक घाबरून जाण्याइतका मोठा नाही. लाखो बायकांच्या हिशोबात मात्र तो फार मोठा होतो.

या अभ्यासातलं मला सगळ्यात बोलकं वाटतं ते असं, की या सगळ्या नर्स आहेत. शिक्षण सारखं, पेशा सारखा, पगारात फार तफावत नाही, आणि मधुमेह कशाने होतो हे सगळ्यांनाच ठाऊक. तरीही फरक पडला. तेव्हा ‘त्यांना माहीतच नसेल’ किंवा ‘गरिबीमुळे झालं असेल’ असं म्हणून विषय संपवता येत नाही.

२०२० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने लेस्बियन, गे, बायसेक्शुअल आणि ट्रान्स प्रौढांच्या हृदयाच्या आरोग्याबद्दल एक सविस्तर निवेदन काढलं. डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात हा विषय यायला हवा, रुग्णाच्या नोंदीत लैंगिक कलाचा उल्लेख असायला हवा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. याच संस्थेने २०२२ साली हृदयाची तब्येत मोजायला आठ गोष्टी ठरवल्या : आहार, व्यायाम, तंबाखू, झोप, वजन, कोलेस्टेरॉल, साखर आणि बीपी. त्या प्रत्येकाला गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. फ्रान्समध्ये दीड लाखाहून जास्त प्रौढांना हे गुण देऊन पाहिले गेले, निष्कर्ष २०२३ साली आले. लेस्बियन आणि बायसेक्शुअल बायकांचे गुण इतर बायकांपेक्षा कमी भरले. गे आणि बायसेक्शुअल पुरुषांचे गुण मात्र इतर पुरुषांपेक्षा जास्त होते.

हा उलटा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. समलिंगी आकर्षणातच काही आजार दडलेला असता, तर तो पुरुषांमध्येही दिसला असता. तसं दिसत नाही. बाई असणं आणि समाजाच्या अपेक्षेबाहेर असणं, या दोन गोष्टी एकत्र येतात तिथे काहीतरी घडतं.

आणखी एक बारकावा. धोक्याच्या गोष्टी जास्त आढळतात, यावर बहुतेक अभ्यास एकमेकांशी जुळतात. प्रत्यक्ष हार्ट अटॅक किंवा पक्षाघात किती जास्त, याबद्दलचे निष्कर्ष एवढे एकसारखे नाहीत. याचा मी लावलेला अर्थ आशेचा आहे : धोका दिसतो आणि आजार होतो यांच्यामध्ये बरीच वर्षं असतात, आणि ती वर्षं वापरता येतात.

ताण शरीरात शिरतो कसा?

१९८१ साली व्हर्जिनिया ब्रूक्स या अमेरिकन संशोधक बाईंनी लेस्बियन बायकांच्या संदर्भात ‘मायनॉरिटी स्ट्रेस’ ही कल्पना मांडली. पुढे १९९५ आणि २००३ साली इलान मायर यांनी तिला व्यवस्थित चौकट दिली. सगळ्यांच्याच वाट्याला येणारे ताण असतात : नोकरी, पैसा, आजारपण, ट्रॅफिक. त्यावर अल्पसंख्य माणसाला एक जादा थर वाहावा लागतो. कुणी प्रत्यक्ष अपमान केला, घर नाकारलं, मारहाण केली, हा त्यातला दिसणारा भाग. न दिसणारा भाग जास्त काळ पुरतो : कुणीतरी काहीतरी म्हणेल ही सततची धास्ती, स्वतःबद्दलची गोष्ट झाकून ठेवणं, आणि लहानपणापासून ऐकलेलं वाईटसाईट हळूहळू स्वतःलाच खरं वाटू लागणं.

पुण्यात हे कसं दिसतं? भाड्याने फ्लॅट घेताना ‘आम्ही मैत्रिणी आहोत’ म्हणायचं आणि दोन खोल्यांत दोन पलंग मांडायचे. सोसायटीच्या ग्रुपवर गणपतीच्या कार्यक्रमाचे जोडीने काढलेले फोटो येतात, तेव्हा आपण वेगवेगळे उभे राहिलो होतो ना, हे तपासायचं. हिंजवडीच्या ऑफिसात सोमवारी ‘वीकेंडला काय केलं?’ म्हणून कुणी विचारलं, की एक व्यक्ती गाळून उत्तर द्यायचं. आईचा फोन आला की स्थळांची यादी ऐकायची. पस्तिशीनंतर ती यादी थांबते आणि ‘तुझं म्हातारपणी कसं होणार?’ सुरू होतं. यातली एकही गोष्ट एकेकटी पाहिली तर जीवघेणी नाही. पण हे रोजचं आहे, आणि वर्षानुवर्षांचं आहे.

सिग्नलला गाडी उभी आहे आणि चालकाने ऍक्सिलरेटर पिळून धरलाय, अशी कल्पना करा. गाडी कुठे जात नाही, पण इंजिन तापतं, पेट्रोल जळतं, आतले भाग झिजतात. धोक्याची चाहूल लागली की शरीरात ऍड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं सुटतात. नाडी जलद होते, बीपी चढतं, यकृत रक्तात साखर सोडतं. समोर खरोखर पळण्याचं कारण असेल तर हे फार उपयोगाचं. कारण टळल्यावर सगळं पूर्वपदावर यायला हवं. धास्ती रोजचीच असेल, तर शरीर पूर्ण शांत होत नाही. कॉर्टिसॉल चढं राहिलं की चरबी पोटाभोवती, आतल्या अवयवांजवळ साठते. इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. रात्री झोपेत बीपी खाली यायला हवं, ते पुरेसं येत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतलं नाजूक अस्तर दुखावतं आणि तिथे बारीक सूज राहते. कोलेस्टेरॉलचे थर बसायला तशीच जागा लागते. झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेने भूक, साखर, बीपी तिन्ही बिघडतात.

ताणतणावाचा हृदयाशी संबंध ही केवळ मनाची समजूत नव्हे. इंटरहार्टमध्ये हार्ट अटॅकचा धोका ठरवणाऱ्या नऊ प्रमुख गोष्टी सापडल्या, आणि मानसिक-सामाजिक ताण त्यांतली एक होती. बायकांमध्ये धोक्याचा ९० टक्क्यांहून जास्त भाग या नऊ गोष्टींतूनच येत होता.

कॅनडात माँट्रियलमध्ये २०१३ साली झालेला एक छोटा अभ्यास मला इथे आठवतो. ज्या समलिंगी आणि बायसेक्शुअल माणसांनी आपल्या माणसांना आपल्याबद्दल सांगितलं होतं, त्यांच्यात सकाळचं कॉर्टिसॉल न सांगितलेल्यांपेक्षा कमी होतं, नैराश्य-चिंतेची लक्षणंही कमी होती. यावरून ‘सांगून टाका, हृदय बरं राहील’ असा सल्ला मात्र मी देणार नाही. माँट्रियलमध्ये सांगितल्यावर घर सुटत नसेल. इंदापूरला किंवा सदाशिव पेठेत सुटू शकतं. कुणाला, कधी, किती सांगायचं हे जिचं तिने ठरवायचं. पण निदान एका माणसाजवळ काहीही न झाकता बसता येणं, हे शरीरालाही कळतं, एवढं नक्की.

सिगरेट, दारू आणि मिश्री

ताणाची दुसरी वाट सवयींतून जाते. पाश्चात्त्य देशांत समलिंगी माणसांना भेटायची सुरक्षित जागा अनेक दशकं बार हीच होती. तिथे ओळखी झाल्या, प्रेमं जमली, चळवळीही उभ्या राहिल्या; सोबत सिगरेट आणि दारू आली. सिगरेट कंपन्यांनी या समाजाला डोळ्यांपुढे ठेवून जाहिराती केल्या. तिथल्या अभ्यासांत लेस्बियन आणि बायसेक्शुअल बायकांमध्ये धूम्रपान इतर बायकांपेक्षा जास्त दिसतं, त्यात ही पार्श्वभूमी आहे.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत फक्त २ टक्के बायका धूम्रपान करत होत्या, पण तोंडातून तंबाखू घेणाऱ्या १२.८ टक्के होत्या. महाराष्ट्रात यात मिश्री आली. भाजलेली तंबाखू कुटून ती दातांना लावायची, ही कित्येक घरांतली सकाळची सवय, आणि तिला कुणी व्यसन म्हणत नाही. डॉक्टरांनी ‘सिगरेट ओढता का?’ विचारलं की ती बाई मनापासून ‘नाही’ म्हणते. निकोटीन हिरडीतून रक्तात गेलं तरी नाडी आणि बीपी वाढवतंच. म्हणून तपासताना मिश्रीबद्दल वेगळं विचारायला हवं, आणि कुणी विचारलं नाही तर आपण सांगायला हवं. सिगरेट सोडल्यावर वर्षभरात तिच्यामुळे वाढलेला हृदयविकाराचा जादा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. इतक्या कमी वेळात एवढा फायदा देणारं औषध शोधून सापडायचं नाही.

वजनाचं पुणेरी गणित

अमेरिकेतल्या अभ्यासांत लेस्बियन बायकांच्या जादा वजनाचा उल्लेख वारंवार येतो, आणि नर्सच्या अभ्यासातल्या मधुमेहाच्या फरकाचा मोठा भाग वजनाशी जोडलेला होता. तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलून पुण्यात आणला, तर एखादी सडपातळ बाई ‘मग मला काही धोका नाही’ असं समजून निर्धास्त होईल. इथे आपल्याच गावात झालेलं संशोधन कामाला येतं.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराची एक खोड जगासमोर आणली. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ती बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण पुण्याची बाळं हलकी असली तरी त्यांची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापून आलं. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच उत्तर देत होता आणि शरीरं दोन वेगळी होती.

म्हणून भारतीयांसाठी मोजमाप कडक आहे. बीएमआय २३ झाला की वजन जादा, २५ ला लठ्ठपणा. त्याहून सोपी खूण म्हणजे कंबर : बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल पाहून घ्यायचं, वजन कितीही कमी असो. आणि मागे म्हटल्याप्रमाणे दीर्घ ताण चरबी नेमकी पोटाभोवतीच साठवतो. आधीच अशी प्रवृत्ती असलेल्या शरीरावर वर्षानुवर्षांचा ताण पडला, तर दोन गोष्टी एकाच ठिकाणी भर घालतात. आपल्याकडच्या मोठ्या आरोग्य पाहण्यांत, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतसुद्धा, लैंगिक कल विचारला जात नाही, त्यामुळे पुण्यातल्या लेस्बियन बायकांचा वेगळा आकडा मी देत नाही. पण ही दोन्ही संशोधनं जोडून पाहिली तर काळजीचं कारण पुरेसं आहे.

शरीराबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पुरुषांच्या नजरेसाठी बारीक राहायचं नाही, असं ठरवणाऱ्या बायका मला भेटतात, आणि त्यांचा तो निर्णय मला योग्य वाटतो. कंबर मोजण्याचा सुंदर दिसण्याशी काही संबंध नाही. वेताळ टेकडीवर किंवा तळजाईवर रोज चालायला जाणं वजन एक किलोनेही न घटवता बीपी आणि साखर सुधारू शकतं. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने, एवढं पुरेसं आहे.

बायसेक्शुअल बायकांकडे वेगळं लक्ष

अनेक अभ्यासांत बायसेक्शुअल बायकांची स्थिती लेस्बियन बायकांपेक्षाही नाजूक दिसते, विशेषतः सिगरेट आणि मानसिक ताणाच्या बाबतीत. एक कारण असं सांगितलं जातं, की त्यांच्यावर दोन्हीकडून अविश्वास दाखवला जातो. घरचे म्हणतात ‘पुरुष आवडतात ना, मग लग्न कर की’, आणि लेस्बियन मैत्रिणी म्हणतात ‘तू शेवटी लग्नच करणार’. जिला कुठेच आपलं म्हणत नाहीत, तिला आधार कुणाचा?

आपल्याकडे यातल्या कितीतरी जणी पुरुषाशी लग्न करून संसारात आहेत. दवाखान्यातल्या लग्नाच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर ‘हो’ असतं आणि पुढचं कधी निघतच नाही. पंचेचाळिशीतली, दोन मुलांची आई, बीपीची गोळी चालू, झोप नाही, अधूनमधून छातीत धडधड. ईसीजी नॉर्मल येतो, ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून तिला घरी पाठवलं जातं. टेन्शन कसलं, हे विचारायला कुणी थांबलं तर कदाचित ती सांगेल. लेस्बियन बायकांनीही लग्नाच्या दबावापुढे मान तुकवल्याची उदाहरणं कमी नाहीत, तेव्हा हे त्यांनाही लागू आहे.

दवाखान्याच्या दारात

बाई नीट तपासणीला जात नाही, यामागे पैसा आणि वेळ असतोच. त्यात हे प्रश्न टाळायची इच्छा मिसळली की आजार उशिरा सापडतो. आधीच्या एखाद्या डॉक्टरने ‘हे काय खूळ?’ असं म्हटलेलं असतं, किंवा समुपदेशन करून ‘सरळ करण्याचा’ सल्ला आईला दिलेला असतो. अशा बाईला बीपीची गोळी नियमित घ्यायला सांगून उपयोग नाही. ती परत येतच नाही.

कायदा आणि वैद्यकशास्त्र दोन्ही इथे स्पष्ट आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने समलैंगिकता आजार नसल्याचं जाहीर केलं आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लैंगिक कलावरून भेदभाव करायला मनाई करतो. कल ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे २०२२ पासून डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरलं आहे. डॉक्टरला सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणं हे त्याच्यावर बंधनकारक आहे. घरच्यांना, जुन्या ओळखीच्या काकांनाही, ती सांगता येत नाही.

डॉक्टरांना माझी विनंती छोटी आहे. लग्नाऐवजी ‘घरी कोण कोण असतं? तुमच्या आजारपणात कोण बघतं?’ असं विचारा. गरोदर राहिला होतात का, तेव्हा बीपी-साखर वाढली होती का, पाळी कशी आहे, हे अविवाहित बाईलाही विचारा, दरवाजा बंद करून, आईला बाहेर बसवून. ईसीजी-इको करताना बाई तंत्रज्ञ असेल तर द्या. उत्तर काहीही आलं तरी चेहऱ्यावर काही उमटू देऊ नका.

आपल्या बाजूने काय करायचं? तिशीनंतर बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि कंबर यांचे आकडे माहीत हवेत. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीवरच्या सगळ्यांची बीपी आणि मधुमेहाची तपासणी होते, त्यासाठी कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ५.७ च्या वर असेल तर सावध, ६.५ ला मधुमेह. बीपी १४०/९० च्या वर दोन-तीनदा आलं तर औषधाला लाजायचं नाही. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत अटॅक आला असेल तर तो इतिहास जरूर सांगायचा. घरच्यांशी बोलणं तुटलेलं असेल तर आत्या, मामी, चुलतबहीण, कुणाकडून तरी तो काढून घ्यायचा. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ पासून या समाजासाठी काम करतो आहे, मुंबईत १९९५ साली ‘स्त्री संगम’ म्हणून सुरू झालेली लेबिया ही संस्था लेस्बियन, बायसेक्शुअल बायका आणि ट्रान्स व्यक्तींची आहे. अशा ठिकाणी चांगल्या डॉक्टरांची नावं तोंडी कळतात.

सगळ्यात मोठी भीती असते ती रात्री-बेरात्री ऍडमिट व्हायची वेळ आली तर काय, ही. ‘नातेवाईक कोण?’ म्हणून काउंटरवर विचारतील आणि जोडीदारीण बाहेरच उभी राहील. इथे दोन गोष्टी माहीत हव्यात. शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाची संमती त्याची स्वतःचीच असते. नवऱ्याची किंवा भावाची सही तिच्या जागी चालत नाही, आणि तिच्या सहीशिवाय ती पुरेशीही नाही. आणि जीव वाचवणारे तातडीचे उपचार सहीसाठी अडवून ठेवायचे नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितलं आहे. तरी आधी तयारी केलेली बरी. केसपेपरवर तातडीचा संपर्क म्हणून जोडीदारणीचं नाव आणि नंबर लिहायचा. माझ्या प्रकृतीची माहिती हिला द्यावी, निर्णयात हिला धरावं, असं सहीनिशी लिहून त्याची प्रत पर्समध्ये आणि फोनमध्ये ठेवायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतरही समलिंगी लग्नाला मान्यता मिळालेली नाही, पण २०२४ साली केंद्र सरकारने काही बाबी मोकळ्या केल्या : दोघींचं संयुक्त बँक खातं, खात्यावर एकमेकींना वारस म्हणून नेमणं (नॉमिनेशन), रेशनकार्डावर एकाच कुटुंबात नोंद. हॉस्पिटलचं बिल भरायची वेळ येते तेव्हा संयुक्त खातं फार उपयोगाला येतं.

शेवटी एक गोष्ट, जी स्त्री-पुरुष जोडप्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या आरोग्य लेखांत सापडत नाही. दोन बायकांच्या घरात मीठ एक, तेल एक, रात्रीची जागरणं एक, आणि एकीने सिगरेट ओढली तर धूर दोघींच्या फुप्फुसांत. वयं जवळची असतील तर पाळी जाण्याचा काळही दोघींचा साधारण एकत्र येतो, म्हणजे इस्ट्रोजेनचं संरक्षण एकाच घरात दोघींचं एकदमच ओसरतं, झोपही दोघींची एकदमच बिघडते. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या जोडीने वर्षातून एकदा एकाच दिवशी दोघींच्या तपासण्या कराव्यात, तंबाखू सोडायची तर दोघींनी मिळून एकदम सोडावी. आणि एकीच्या छातीत दुखू लागलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, दरदरून घाम फुटला, तर दुसरीने पित्ताचं औषध न शोधता लगेच १०८ ला फोन करावा.